भैरवीची वेळ

प्रत्येक हंगामाला सुरुवातीचा दिवस असतो आणि शेवटचाही. आंब्याचा हंगाम पहिल्या जोरदार पावसाबरोबर आटोपतो, उसाचा हंगाम कारखान्याचा पट्टा पडला की. गाण्याच्या हंगामाचा शेवट मात्र कुणी जाहीर करत नाही. कोल्हापुरात तो साधारण फाल्गुन-चैत्रात येतो. गणेशोत्सवात आरास आणि मेळे होतात, नवरात्रात अंबाबाईच्या देवळात गाणं-भजन चालतं, कोजागिरीला गच्चीवर दूध आटत असताना कुणीतरी चंद्रकंस छेडतं, दिवाळीत पहाटेच्या मैफली होतात आणि मग थंडीचे तीन महिने शास्त्रीय गाण्याचा खरा भर असतो. शिमगा झाला की उन्हं चढतात, परीक्षा जवळ येतात आणि आयोजकांच्या वहीतलं शेवटचं पान उघडतं. त्यानंतर वळीव, मग चार महिने धो-धो पाऊस. या भागात पावसाळ्यात मोकळ्यावर मंडप घालून गाणं करायचं धाडस कुणी करत नाही.

योगायोग असा, की कोल्हापूरच्या गाण्याला ज्यांनी ओळख दिली त्या अल्लादियाखाँसाहेबांचं निधन १६ मार्च १९४६ चं, म्हणजे ऐन या हंगामाच्या शेवटाला. हिंदुस्थानी संगीतात उत्सवांचं पंचांग बरंचसं पुण्यतिथ्यांवर चालतं. गुरू गेला की शिष्य वर्षाने एकत्र जमतात, आपापली हजेरी लावतात आणि त्यातून उत्सव उभा राहतो. जालंधरचा हरवल्लभ मेळा १८७५ पासून असाच चालत आला. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये सुरू केला तो गुरूच्या स्मरणार्थच. सवाई गंधर्व गेले १२ सप्टेंबरला, उत्सव मात्र डिसेंबरात होतो, कारण पुण्यालाही सप्टेंबरच्या पावसाचा भरवसा नाही. थोडक्यात, तिथी गुरूची आणि तारीख हवामानाची, अशी ही वाटणी आहे.

या प्रकरणात आपण हंगामाच्या शेवटच्या मैफलीकडे पाहणार आहोत. ती कशी रचली जाते, तिच्यात कुणाला कुठे बसवतात, शेवटी भैरवीच का गातात आणि गेल्या पंचवीस वर्षांत या शेवटाचं नेमकं काय बदललं, हे कोल्हापूरच्या निमित्ताने समजून घेऊ.

पैलवान आणि गवई शेजारी शेजारी

राजर्षी शाहू १८९४ मध्ये गादीवर आले. १८९५ च्या सुमारास त्यांनी अल्लादियाखाँना दरबारात आणलं. खाँसाहेब मूळचे राजस्थानातल्या उणियाऱ्याचे. आयुष्यातली पंचविसेक वर्षं ते कोल्हापुरात राहिले आणि ६ मे १९२२ रोजी महाराज गेल्यावर त्यांनी मुंबईचा रस्ता धरला. आज ज्याला आपण जयपूर-अत्रौली घराणं म्हणतो, त्याच्या नावात कोल्हापूर कुठेच नाही, पण त्या गायकीला शिष्यांचा विस्तार मिळाला तो इथूनच. भास्करबुवा बखले खाँसाहेबांकडे शिकले. धाकटे चिरंजीव भूर्जीखाँ कोल्हापुरात राहिले आणि शिकवत राहिले. निवृत्तीबुवा सरनाईक, वामनराव सडोलीकर, धोंडूताई कुलकर्णी ही सगळी याच मातीतली माणसं. गोविंदराव टेंबे पेटीवर बसत ते इथेच. पुढे त्यांनी खाँसाहेबांचं चरित्रही लिहिलं.

गाणं दरबारातून गावात आलं त्यात देवल क्लबचा वाटा मोठा आहे. १८८३ सालची ही संस्था. गवई गावात आला की क्लबात त्याची बैठक व्हायची आणि ऐकणाऱ्यांमध्ये जाणकारही असत, पेढीवरचे व्यापारीही असत आणि शाळामास्तरही. पैसे देऊन तिकीट काढणारा श्रोता पुढे आला. त्याआधी वर्गणी भरून, सतरंजीवर मांडी घालून बसणारा आणि बुवांना नावानिशी फर्माईश करणारा श्रोता अशा क्लबांनी घडवला. टेंब्यांसारख्या माणसाचा कान तयार झाला तो या बैठकींतच.

शाहू महाराजांच्या आश्रयाला दोन गोष्टी एकाच वेळी होत्या, कुस्ती आणि गाणं. युरोपातल्या प्रवासात रोमचं भव्य रंगमंडळ पाहून आल्यावर त्यांनी खासबागेचं कुस्तीचं मैदान उभारलं आणि ते १९१२ मध्ये खुलं झालं. त्याला लागूनच पॅलेस थिएटर बांधलं. काम १९१३ मध्ये सुरू झालं आणि १९१५ मध्ये थिएटर पुरं झालं. १९५७ मध्ये त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. मैदान, नाट्यगृह आणि देवल क्लब ही तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यामुळे कोल्हापुरी श्रोत्याला मैफलीचा क्रम समजावून सांगताना कुस्तीच्या मैदानाचाच दाखला द्यावा.

मैदान भरतं तेव्हा आधी पोरासोरांच्या कुस्त्या लागतात, नारळावर, किरकोळ इनामावर. मग तालमीतले होतकरू मल्ल, मग नाव कमावलेले. पहिल्या क्रमांकाची कुस्ती सर्वांत शेवटी. तोवर मैदान खचाखच भरलेलं असतं, हलगी टिपेला गेलेली असते. मैफलीच्या उत्सवाचा क्रम अगदी असाच. पहिल्या दिवशी संध्याकाळी नवा शिष्य गातो, त्याला अर्धा-पाऊण तास. मग मधले कलाकार, वादक, कधी नृत्य. शेवटच्या दिवशी शेवटची जागा सर्वांत ज्येष्ठाची. या जागेचा मान इतका, की कुणाच्या आधी कुणाला बसवायचं यावरून आयोजकांची झोप उडते. पत्रिकेतला क्रम बघूनच जुने श्रोते ओळखतात, यंदा कुणाची बढती झाली आणि कुणाचा मान तसाच ठेवला.

पण एका गोष्टीत मैफल मैदानाच्या वाटेने जात नाही. पहिल्या क्रमांकाची कुस्ती निकाली झाली की मैदान संपतं. गाण्यात सर्वांत मोठा राग गाऊन झाल्यावरही एक गोष्ट उरते आणि ती गायला सर्वांत सोपी, सर्वांच्या तोंडावर असलेली. तीच आपली भैरवी.

शेवटच्या रात्रीची मांडणी

आधी तानपुऱ्याकडे बघू. कोल्हापूरच्या मैफलीत दिसणारा तानपुरा बहुतेक वेळा शेजारच्या मिरजेत बनलेला असतो. मिरजेच्या सतारी आणि तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तानपुऱ्याला चार तारा. पहिली पंचमाला, मधल्या दोन मध्य षड्जाला, शेवटची खर्जाच्या षड्जाला. रागात पंचम नसेल तर पहिली तार मध्यमाला किंवा निषादाला उतरवतात. खुंटी पिळून सूर जवळपास आणायचा, मग तारेत ओवलेला मणी खाली-वर सरकवून तो नेमका बसवायचा. शेवटी घोडीवर तारेखाली सुताचा एक बारीक धागा असतो, तो जीवा. हा धागा केसभर इकडे-तिकडे सरकवला की मुकी तार एकदम बोलू लागते, तिच्यातून वरचे सूर उमलायला लागतात. ज्याला आपण जवारी खुलली म्हणतो ती हीच.

शेवटच्या मैफलीत हे काम एकदा करून भागत नाही. समजा, गवयाने मुख्य राग म्हणून मालकंस घेतला. सर्वत्र गायल्या जाणाऱ्या मालकंसात पंचम नाही, म्हणून तार मध्यमाला उतरलेली असते. (अल्लादियाखाँच्या परंपरेत संपूर्ण मालकंस गातात, त्यात पंचम आणि रिषभ दोन्ही येतात, हा त्या घराण्याचा खास माल.) राग संपला, टाळ्या पडल्या, गवयाने घोटभर पाणी घेतलं आणि मागे बसलेल्या शिष्याने पहिली तार पुन्हा पंचमाला चढवायला घेतली, की सराईत श्रोत्याला कळतं, आता भैरवी. कुणी काही जाहीर केलेलं नसतं. पाठीमागून आवाज येतो, ‘बुवा, भैरवी नको, अजून एक होऊ द्या.’ बुवा हसतात. क्वचित ऐकतात, बहुतेक वेळा ऐकत नाहीत.

मुख्य राग कसा गायला जातो, हेही इथे सांगायला हवं, कारण भैरवीची गरज त्यातूनच निर्माण होते. जयपूर घराण्याची गायकी म्हणजे हिशेबाचं गाणं. लय अतिविलंबित नाही, मध्यम-विलंबित त्रिताल. प्रत्येक आवर्तनात आलाप किंवा तान लयीला चिकटून फिरते आणि समेवर जिथे यायचं तिथेच येते. सरगम जवळजवळ नाही, आकार जास्त. शिवाय राग अनवट. खोकर, रायसा कानडा, सावनी नट, ललिता गौरी, बसंती केदार अशी नावं ऐकून नवखा श्रोता बिचकतो. बरेचसे राग जोडलेले. एका रागाच्या अंगाने वर जायचं आणि दुसऱ्याच्या अंगाने खाली यायचं, तेही सांधा कुठे आहे हे कळू न देता. अशा रागात एक सूर जरी आगंतुक लागला तरी राग मोडतो. दीड तास गवई या शिस्तीत असतो आणि श्रोताही. कान ताणून बसल्यावरच त्या गायकीची मजा कळते.

ही शिस्त संपवायची कशी, हा प्रश्न त्यामुळे खरा आहे. मोठा राग संपला की लगेच जाजम गुंडाळलं, तर श्रोते तसेच ताणलेले घरी जातील.

भैरवीच का?

भैरवीचे स्वर सांगायला सोपे: रे, ग, ध, नी हे चार कोमल, बाकी शुद्ध. भातखंड्यांनी जे दहा थाट मांडले त्यातला एक थाटच तिच्या नावाचा आहे. पण शेवटी गायली जाते ती भैरवी या चौकटीत थांबत नाही. ठुमरी, भजन, नाट्यपद या प्रकारांत भैरवीला बाराही स्वर चालतात. आरोहात शुद्ध रिषभ येतो, कधी तीव्र मध्यम डोकावतो, शुद्ध धैवत-निषाद चमकून जातात आणि राग तरीही भैरवीच राहतो. बाकीच्या रागांत जे वर्ज्य म्हणून दारात थांबवलेलं असतं, ते सगळं इथे आत येऊ शकतं. दीड तास एका रागाचे नियम सांभाळलेल्या गवयाला ही मोकळीक हवीच असते.

दुसरं कारण वेळेचं. आपल्याकडे दिवसरात्रीचे तीन-तीन तासांचे आठ प्रहर आणि प्रत्येक प्रहराचे राग. सूर्यास्ताला मारवा, श्री, पूरिया. दिवे लागल्यावर यमन, भूप. रात्र वर आली की बिहाग, बागेश्री. मध्यरात्रीच्या सुमारास दरबारी, मालकंस. रात्र सरायला लागली की सोहनी, परज. पहाटे ललित, भटियार. उजाडल्यावर भैरव, तोडी आणि मग भैरवी. जुन्या मैफली रात्री जेवणं उरकून सुरू व्हायच्या आणि उजाडेपर्यंत चालायच्या. उजाडलं, की गाणं जिथे पोचायचं तिथेच भैरवी उभी. म्हणजे भैरवीने शेवट करायचा हा रिवाज मुळात घड्याळातून आला. पुढे घड्याळ बदललं, रिवाज तसाच राहिला आणि भैरवी ही सर्वकाळ गाता येणारी म्हणून मान्य झाली.

तिसरं कारण मराठी माणसाला सांगायला नको. भैरवी त्याच्या घरातली आहे. गावच्या देवळात भजनी मंडळ शेवटी भैरवीवरच येतं. संगीत नाटकांनी तिची पदं घराघरांत नेली. रेडिओवर सकाळी तीच. त्यामुळे खोकरात हरवलेला माणूस भैरवीचा पहिला कोमल रिषभ ऐकताच सावरून बसतो. दीड तास ज्या गाण्याला तो मान देत होता, तेच गाणं आता त्याला ओळख देतं. हंगामाचा शेवट करताना गाणाऱ्याने अवघडातून सर्वांच्या सोप्याकडे यायचं, हा या रिवाजाचा गाभा आहे. शेवटी मोठेपण गवयाकडे राहत नाही, गाणं श्रोत्यांच्या हवाली केलं जातं.

भैरवीनंतर मात्र काही गायचं नाही हा दंडक. कितीही आग्रह झाला तरी पुन्हा दुसरा राग घ्यायचा नाही. हे अंधश्रद्धेसारखं वाटलं तरी त्यात कानाचा व्यवहार आहे. बाराही स्वर मोकळे सोडल्यावर पुन्हा सात किंवा पाच स्वरांच्या कुंपणात कान बसत नाही.

एका घराण्याच्या तीन भैरव्या

अल्लादियाखाँचं घराणं ख्यालाचं. ठुमरीला त्याने फारसं जवळ केलं नाही. तरीही या परंपरेतल्या तिघांच्या समारोपाच्या चिजा पाहिल्या तर अवघडातून सोप्याकडे येण्याच्या तीन वेगवेगळ्या वाटा दिसतात.

मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) धारवाडचे. शिकले मंजीखाँ आणि त्यानंतर भूर्जीखाँ यांच्याकडे, म्हणजे खाँसाहेबांच्या दोन मुलांकडे. अनवट रागांचा त्यांच्याइतका मोठा साठा फार थोड्यांकडे होता. पण मैफलीच्या शेवटी ते अनेकदा कन्नड वचनांकडे वळत. बाराव्या शतकातल्या शरणांची ती वचनं, देवळाच्या पायरीवर बसलेल्या माणसाला कळतील अशी.

किशोरी आमोणकर मोगूबाई कुर्डीकरांच्या कन्या. मोगूबाई स्वतः अल्लादियाखाँच्या शिष्या. किशोरीताई रागाच्या भावाचा शोध घेत तासन्‌तास गायच्या आणि शेवटी संत सोयराबाईंचा अभंग भैरवीत घ्यायच्या. सोयराबाई चोखामेळ्यांच्या पत्नी. ज्यांना देवळात पाऊल टाकायची मुभा नव्हती त्यांची ही रचना या गायकीच्या मुकुटावर येऊन बसली. किशोरीताई ३ एप्रिल २०१७ रोजी गेल्या, पण तो अभंग आजही कितीतरी समारोपांचा समारोप असतो.

तिसरी भैरवी केसरबाई केरकरांची. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई लहानपणी आईबरोबर कोल्हापूरला आल्या होत्या आणि काही महिने अब्दुल करीमखाँकडे शिकल्या होत्या. पुढे १९२१ पासून त्यांनी अल्लादियाखाँची तालीम घेतली. त्यांच्या आवाजाचा झोत आणि दमसास यांबद्दल सांगताना जुनी माणसं अजून थांबत नाहीत. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत त्या फार काटेकोर होत्या. त्यामुळे त्यांच्या तबकड्या मोजक्याच उरल्या आणि त्यांतही एका बाजूला साडेतीन मिनिटं म्हणजे तासाभराच्या गाण्याचा अर्क.

१९७७ मध्ये अमेरिकेच्या नासाने व्हॉयेजर ही दोन यानं सोडली. त्यांच्यावर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसवली होती. पृथ्वीवरच्या आवाजांचा आणि संगीताचा तो नमुना, कुणी परके प्राणी भेटलेच तर त्यांच्यासाठी. कार्ल सेगन यांच्या समितीने सत्तावीस रचना निवडल्या, एकूण सुमारे दीड तासाचं संगीत. भारताच्या वाट्याला त्यातली एक जागा आली. संगीतशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी नाव सुचवलं आणि निवड झाली ती केसरबाईंच्या भैरवीची, ती साडेतीन मिनिटांचीच. तबकडीवर ती शेवटून तिसरी आहे. तिच्यानंतर ब्लाइंड विली जॉन्सनचं दुःखाचं गाणं आणि अगदी अखेरीस बेथोव्हनच्या चौकडीतला एक संथ भाग. क्रम लावणाऱ्यांना आपला रिवाज ठाऊक होता की नाही, कोण जाणे, पण भैरवी शेवटाकडेच आली. व्हॉयेजर-१ ५ सप्टेंबर १९७७ ला निघालं, केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. ते यान २०१२ मध्ये सूर्याच्या वाऱ्याचा प्रदेश ओलांडून आंतरतारकीय अवकाशात शिरलं.

केसरबाईंनी ज्यांना खऱ्या अर्थाने शिकवलं त्या धोंडूताई कुलकर्णी कोल्हापूरच्या. त्यांनी आधी इथेच भूर्जीखाँकडे धडे घेतले होते. खाँसाहेबांनी कोल्हापुरात लावलेली ही वेल अशी फिरून कोल्हापूरच्या लेकीपाशीच आली.

बाकीचं जग शेवट कसा करतं

हंगामाचा शेवट ओळखीच्या सुरावर करायची गरज एकट्या आपल्यालाच वाटते असं नाही. लंडनमध्ये १८९५ पासून दर उन्हाळ्यात प्रॉम्स नावाची मैफलींची मालिका चालते. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जवळपास रोज रात्री मोठमोठ्या सिंफनी वाजतात, उभं राहून ऐकणाऱ्यांना तिकीट स्वस्त. १९४१ मध्ये जुन्या क्वीन्स हॉलवर बॉम्ब पडला तेव्हापासून मुक्काम रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये. शेवटच्या रात्री मात्र सगळा थाट बदलतो. हेन्री वुड यांनी १९०५ मध्ये जुळवलेली खलाशांची गाणी, एल्गारचं संचलन, झेंडे, टोप्या, फुगे, आणि हजारो श्रोते उभे राहून गळा काढून गातात. आठ आठवड्यांचं गंभीर संगीत अखेर सर्वांच्या तोंडी येतं.

चेन्नईचा मार्गळीचा हंगाम डिसेंबरात भरतो. तिथे प्रत्येक कचेरी, म्हणजे मैफल, मंगलमने संपते, बहुधा सौराष्ट्रम किंवा मध्यमावती रागात. मद्रास म्युझिक अकादमी १९२८ ची. तिच्या हंगामाचा कळस म्हणजे १ जानेवारीचा ‘सदस्’, ज्यात त्या वर्षीच्या ज्येष्ठ कलाकाराला संगीत कलानिधी हा किताब देतात. तिथे गौरवाने शेवट, लंडनमध्ये सामुदायिक गाण्याने.

पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाची अखेर कित्येक वर्षं भीमसेन जोशींच्या गाण्याने होत असे. त्यांनी गायल्यावर खुद्द सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी तबकडी लावायचा प्रघात पडला. शिष्याने उभा केलेला उत्सव, शिष्याचं गाणं आणि त्यानंतर गुरूचा आवाज. मानाचा शेवट आणि भैरवीचा शेवट, दोन्ही एकाच वेळी साधणारी ही तोड दुसऱ्या कुणाला सुचली नाही.

दहाचा काटा

आता अडचणीकडे वळू. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर बंदी. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या निकालात ती उचलून धरली. सणासुदीच्या ठरावीक दिवशी, वर्षाला जास्तीत जास्त पंधरा दिवस, सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. नियम हवाच होता. ज्याच्या गल्लीत रात्रभर डीजे वाजतो, त्याला तो किती हवा होता हे विचारून पाहा. पण त्याच झटक्यात मंडपातली रात्रभराची मैफलही संपली. सवाईच्या रात्री गेल्या आणि दुपारपासूनची सत्रं आली.

नियमात एक खिडकी आहे. बंदिस्त सभागृहात, आवाज आतच राहील अशा रीतीने ध्वनिक्षेपक चालवायला मुभा आहे. कोलकात्यात डोव्हर लेनची परिषद १९५२ पासून भरते आणि नजरुल मंचाच्या छताखाली आजही रात्रभर चालते. म्हणजे कायद्यापेक्षा सवयीने जास्त मारलं आहे. सभागृहाचं भाडं सत्रावर, रखवालदाराची पाळी ठरलेली, शेवटची एसटी ठरलेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला कामावर.

कोल्हापूरवर तर आणखी एक घाव पडला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवराव भोसल्यांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, त्यांच्या नावाचं नाट्यगृह आगीत जळालं. गाव रडलं आणि पुनर्बांधणीच्या मागे लागलं. जे थिएटर नाटकांच्या रात्रींसाठी बांधलं होतं, त्याची जागा भरून काढणं सोपं नाही.

रात्र गेल्याने नेमकं काय हरवलं? संध्याकाळी सहा ते दहा या खिडकीत श्री, मारवा, यमन, बिहाग, बागेश्री असेच राग वेळेवर बसतात. दरबारी-मालकंसाला थोडं लवकर बोलवावं लागतं. आणि पहाटेचे, सकाळचे राग तर उत्सवातून जवळपास बाहेरच पडले. जयपूर घराण्याला हे सर्वांत महाग पडतं. या घराण्याचा सकाळचा खजिना मोठा आहे: खट, बहादुरी तोडी, बिलावलाचे कितीतरी प्रकार, त्यांतला सुखिया बिलावल. संध्याकाळच्याच मैफली ऐकणाऱ्या पिढीला हे राग फक्त जुन्या ध्वनिमुद्रणांतून भेटतात. भैरवी मात्र रोज रात्री पावणेदहाला हजर, घड्याळाकडे डोळे लावून, पाच मिनिटांत आटोपलेली.

समारोप सकाळी ठेवा

यावरचा उपाय मात्र महाराष्ट्राला आधीपासून माहीत आहे. दिवाळी पहाट हा प्रकार गावोगावी रुजलेला आहे. अभ्यंगस्नान करून, नवे कपडे घालून माणसं अंधारात घराबाहेर पडतात आणि तुडुंब गर्दी होते. बंदी सकाळी सहाला उठते. म्हणजे सहा ते दहा ही सकाळची चार तासांची खिडकी कायद्यानेच मोकळी ठेवली आहे आणि तिच्याकडे वर्षातून फक्त दिवाळी-पाडव्याला लक्ष जातं.

हंगामाची शेवटची मैफल मार्चमधल्या एखाद्या रविवारी सकाळी घेतली तर सगळं पुन्हा जागेवर येतं. कोल्हापुरात मार्चची सकाळ गाण्याला सोयीची असते, दुपारसारखा उकाडा नसतो आणि रविवारी कुणाला कामावर जायचं नसतं. सहाला होतकरू शिष्याचा भटियार, सातला मधल्या गायिकेची तोडी, आठला ज्येष्ठाचा खट किंवा सुखिया बिलावल, ज्यासाठी दूरदूरचे जाणकार मुद्दाम यावेत. साडेनऊला पहिली तार पंचमाला आहेच, बदलायला नको. मग भैरवी, तिच्या स्वतःच्या वेळेवर, पंधरा-वीस मिनिटं, हवी तितकी. श्रोत्याला उशिराची गाडी गाठायची नाही, रखवालदाराला कुलूप लावायची घाई नाही. अल्लादियाखाँसाहेबांची पुण्यतिथी याच दिवसांत येते, तेव्हा निमित्तही शोधावं लागणार नाही.

जुनं रात्रीचं जाजम परत मिळणार नाही, ते मिळावं म्हणून रडतही बसू नये. पण भैरवीने शेवट करायचा रिवाज पाळायचाच, तर तिची वेळही पाळावी. नव्या नाट्यगृहाची पहिली पत्रिका छापायला जाईल तेव्हा आयोजकांनी तिच्यावर समारोपाची वेळ सकाळची टाकावी, आणि श्रोत्यांनी त्या रविवारी अंथरूण लवकर सोडावं.